दाखल नोंदीआधी वाचले गेलेले आत्मचरित्र

ग्रंथालयात नवे पुस्तक आले की बिलाशी पडताळणी, दाखल नोंद (संग्रहाच्या नोंदवहीत क्रमांक देऊन केलेली नोंद), वर्गीकरण आणि तालिकीकरण (पुस्तकाचे वर्णन ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, घालणे) झाल्याशिवाय ते वाचकाच्या हाती जात नाही. त्या दिवशी मात्र पुस्तकांचा गठ्ठा सोडत असतानाच आमचे एक जुने सभासद समोर येऊन उभे राहिले. ज्या कादंबरीकाराचे प्रत्येक पुस्तक त्यांनी पुन्हापुन्हा नेले होते, त्याचेच आत्मचरित्र वर होते. "मॅडम, घरी नेत नाही, इथेच बसून पाहतो," असे म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. मी शिक्का मारून पुस्तक त्यांना दिले.

त्यांनी सुरुवातीपासून वाचायला घेतले नाही. प्रस्तावना, अर्पणपत्रिका आणि मुलाखती यांतून त्यांनी लेखकाचा जीवनपट एका वहीत सालवार जुळवलेला होता, आणि आवडत्या कादंबरीचा जन्म कसा झाला, हे त्यांना आधी पाहायचे होते. शेवटी नामसूची नसल्याने त्यांना पान न् पान चाळावे लागले; इतक्या माणसांचे उल्लेख असलेले पुस्तक सूचीविना काढणे मला वाचकाचा अनादर वाटतो. बऱ्याच वेळाने ते वही घेऊन आले. वडील गेल्यानंतर आपण ती कादंबरी लिहायला घेतली, असे लेखक म्हणत होता. वहीतली साले नेमकी उलट सांगत होती.

नव्या आवृत्त्यांतून मूळ प्रस्तावना गाळली गेली होती. आमच्याकडे पहिली आवृत्ती होती, तीही एका सहकाऱ्याने 'जीर्ण, नवी प्रत उपलब्ध' असा शेरा मारून निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत घातलेली असताना मी आग्रहाने राखलेली. तिच्या प्रस्तावनेत हस्तलिखित वाचून दुरुस्त्या सुचवल्याबद्दल लेखकाने वडिलांचेच आभार मानले होते.

ते हिरमुसतील, असे मला वाटले होते. पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे कादंबरीतला बापाचा मृत्यू त्यांनी आधी लिहिला, आणि वडिलांनी तो वाचला!" एवढे बोलून ते पुन्हा वाचायला बसले, ते ग्रंथालय बंद होईपर्यंत.

पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत साहित्यिकाचे आत्मचरित्र 920 खाली चरित्रांत ठेवता येते, किंवा 800 च्या वर्गात त्याच्या साहित्याजवळ. शीर्षकात 'आत्मचरित्र' दिसले की विचार न करता 920 घालण्याची सवय आमच्या व्यवसायात फार आहे. मी ते कादंबऱ्यांजवळ ठेवले आणि तालिकेच्या टीपेत 'कादंबरीच्या रचनाकाळासाठी पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना पाहावी' असे लिहिले. सहकाऱ्याचे म्हणणे असे की, तालिकेने पुस्तकाचे वर्णन करावे, लेखकाच्या आठवणींची तपासणी करू नये. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मला मान्य आहे. तरीही पहिल्या आवृत्तीची ती एकमेव प्रत पुढच्या वाचकाला या टीपेवाचून सापडणार नाही, म्हणून मी अद्याप ती टीप काढलेली नाही.