सोडियम किती, एवढंच विचारलं होतं

मुलीचा क्लास नागपूरच्या धरमपेठेत आणि आमचं घर मनीषनगरला. तिला सोडून घरी यायचं आणि परत आणायला जायचं, यात पेट्रोलही जातं आणि जीवही. म्हणून क्लासच्या दिवशी मी तिकडेच थांबते आणि मग आम्ही दोघी खाऊनच निघतो. जागा ती ठरवते, म्हणजे बर्गर नाहीतर पिझ्झा. अडचण माझ्या बीपीची. डॉक्टरांनी दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चमचा. घरी ते जमलं. लोणचं-पापड गेलं, कणकेतलं मीठ गेलं, कोणी कुरकुर केली नाही. बाहेरच्या खाण्याचं विचारलं तर उत्तर एकच, बाहेरचं बंद करा. अकरावीतल्या मुलीच्या आईला हे सांगणं सोपं आहे.

साखरेचं फार काही करावं लागलं नाही. कॉम्बो नको म्हटलं की कोल्ड्रिंक आपोआप जातं, आणि ३०० मिलीच्या कॅनमधली तीसेक ग्रॅम साखरही. खरी झकापकी झाली ती मिठावरून.

नियम मला ठाऊक होता. ज्या कंपनीची दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं आहेत, तिनं मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी आणि सर्व्हिंगचं माप लिहायचं. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, हा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. बाकीची माहिती, म्हणजे फॅट, साखर, सोडियम (मिठाचा हिशेब यावरूनच लागतो), बोर्डावर नसली तरी गिऱ्हाइकानं मागितली की द्यायची. पुस्तिका द्या, पत्रक द्या, वेबसाइट दाखवा, पण द्या.

काउंटरवरच्या पोराला विचारलं, "भैया, इस बर्गर में सोडियम कितना है?"

"सोडा? कोल्ड्रिंक ॲड कर दूँ मॅम?"

मग "नमक" म्हणून विचारलं. "नमक कम नहीं होगा मॅम, पॅटी रेडी आती है." हे मात्र त्यानं खरं सांगितलं, आणि ते पुढे कामालाही आलं.

मॅनेजर आले. "ताई, बोर्डवर सगळं लिहिलंय ना." बोर्ड म्हणजे डोक्यावरचा टीव्ही. किमतीखाली करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात कॅलरी. नजर तिसऱ्या ओळीवर जाईपर्यंत पडदा बदलतो आणि चीज ओघळणारी जाहिरात येते. ती संपायची वाट पाहिली. पुन्हा तेच, फक्त कॅलरी. मग त्यांनी ट्रेवरच्या कागदाचा क्यूआर दाखवला. स्कॅन केला तर ॲप उतरवा म्हणे, ॲप उतरवलं तर मोबाइल नंबर द्या, ओटीपी टाका, आणि एवढं सगळं करून हाती आलं काय, तर दुसऱ्या बर्गरवर सूट. मागे रांग वाढत होती. एक काका म्हणालेच, "एवढं पाहाचं असन त घरीच खावा ना जी." मुलगी तोवर दाराशी जाऊन, माझी-तिची ओळखच नसल्यासारखी, मोबाइलमध्ये डोकं घालून उभी.

पुढच्या खेपेला मॅनेजर दुसरे. पुस्तिका आहे, पण साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि साहेब सुटीवर. त्यानंतर "हेड ऑफिसला मेल करा." मला बर्गरची कृती नको होती हो, एक आकडा हवा होता!

शेवटी क्लास लवकर सुटला त्या दिवशी पाचच्या सुमारास गेलो. दुकान रिकामं होतं. काउंटरवरच्या मुलीनं निमूटपणे स्ट्रॉच्या खोक्याखालून प्लास्टिक चढवलेला तक्ता काढला. कोपऱ्यावर केचपचा वाळलेला डाग, शेवटचा रकाना सोडियमचा. इतके दिवस तो तिथेच पडून होता! म्हणून सांगते, विचारायचं असेल तर सातनंतरच्या गर्दीत विचारू नका.

तक्त्यात पाहिलं तर पनीरच्या मोठ्या बर्गरमध्ये हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमची (सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ येतं). ज्या फ्राइजला मी खारट म्हणून हात लावत नव्हते, त्या लहान पाकिटात दोनशेच्याही आत. फ्राइजवरचं मीठ थेट जिभेला लागतं, पाव-चीज-सॉस-पॅटीतलं कळतही नाही. चवीवरून अंदाज बांधण्यात काही अर्थ नाही.

पॅटीतलं मीठ काही कमी होणार नाही, तेव्हा आता मी साधा लहान बर्गर घेते, चीज स्लाइस आणि मेयो नको म्हणून. फ्राइज बिनमिठाच्या मागते. मीठ तळून झाल्यावर घालतात, त्यामुळे नवा घाणा काढावा लागतो आणि गरमागरम मिळतात. मुलगी आता स्वतःच तशा मागते, मिठासाठी नव्हे, गरम मिळतात म्हणून. पैसे देण्याआधी "नो चीज" बिलावर आलंय का ते बघा, तोंडी सांगितलेलं किचनपर्यंत पोचत नाही. पिझ्झाच्या दुकानात आकडा एका तुकड्याचा आहे की अख्ख्या पिझ्झाचा, ते आधी वाचा. आम्ही गेलो तिथे तुकड्याचा होता, आणि एका तुकड्यावर कोण थांबतं?

तर्रीपोह्याच्या ठेल्याला हा नियम नाही. तिथे तर्री कमी आणि शेव नको म्हटलं की भाऊ तसंच देतो, ओटीपी मागत नाही.

तक्त्याचा फोटो काढून ठेवलाय. पण मेनूत नवीन काही आलं की ते त्यात नसतं, परत मागावं लागतं. मागच्या आठवड्यात मागितला, तर म्हणे साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे.