बंधारा झाला नाही म्हणून कागद मिळत नाही

१६ सप्टेंबर २०२३ ला संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली तेव्हा मी परभणीत टीव्हीपुढंच बसलो होतो. मराठवाडा मुक्तिसंग्रामाला ७५ वर्षं, ४५ हजार कोटींच्या वर घोषणा, आणि तासाभरात गावाकडच्या ग्रुपवर मेसेज, आपला बंधारा पण आलाय म्हणे. त्या 'म्हणे'पायी माझे सात महिने गेले.

प्रश्न साधा होता. बंधारा यादीत आहे का, असला तर पैसे किती धरलेत, आणि कोणतं काम घ्यायचं कोणतं सोडायचं हे कशाच्या आधारावर ठरलं. इथल्याच एका हापिसात माहिती अधिकाराचा अर्ज, म्हणजे जोडपत्र अ, भरलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, बारनिशीत, म्हणजे आवक टपालात, देऊन पोच घेतली. त्यांनी वर पाठवलं, वरच्यांनी मुंबईला पाठवलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. (अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, नाहीतर तेवढ्यावरच परत येतो. आणि 'का दिलं नाही' असं विचारायचं नाही, 'अमुक कागदाची प्रत द्या' असंच लिहायचं. माझा पहिला अर्ज नुसता 'का' नं भरलेला होता.)

मग मुंबईहून दीड ओळीचं पत्र आलं. माहिती मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांशी संबंधित असल्याने कलम ८(१)(झ) अन्वये देता येत नाही. खाली सही, सहीखाली नाव वाचता येऊ नये असा शिक्का.

फोन लावला. तीन दिवस साहेब मीटिंगला, चौथ्या दिवशी एका क्लार्कनं उचलला. म्हणाला, काका, ते कॅबिनेटचं असतं, कुणालाच मिळत नाही. मी म्हणलं, दादा, निर्णय तर टीव्हीवर सांगून झाला, आता गुपित काय राहिलं? तर म्हणे निर्णय सांगितला हो, चर्चा कुठं सांगितली.

आता बघा, चर्चा दार लावून व्हावी याला माझी हरकत नाही. चार मंत्री मोकळं बोलतील, भांडतील, ते सगळं लगेच बाहेर आलं तर कुणी खरं बोलणारच नाही. पण माझा भाचा एलएलबी करायलाय, त्यानं कायद्याचं पुस्तक उघडून त्याच कलमाचा खालचा भाग दाखवला. निर्णय झाल्यावर आणि विषय पूर्ण झाल्यावर तो निर्णय, त्याची कारणं आणि ज्या कागदांवर तो घेतला ते कागद लोकांसाठी खुले करायचे असं तिथं लिहिलंय. २००५ पासून. पत्रात फक्त वरचा भाग होता, खालचा गाळला होता.

हे सांगायला परत फोन केला तर उत्तर असं मिळालं की मी हसावं का रडावं. म्हणे विषय पूर्ण झालाच नाही, काम सुरू व्हायचंय ना अजून. म्हणजे बंधारा बांधून होईपर्यंत कागद दाखवणार नाही, आणि बंधारा का होत नाही ते कळायला मला तोच कागद पाहिजे! बायको म्हणाली कशाला नादाला लागताव, तेवढ्या पैशात पंप दुरुस्त झाला असता. खरं होतं तिचं, पण तोवर माझं डोकं फिरलं होतं.

मग त्यांच्याच वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील टाकलं, वीस रुपयांचा स्टॅम्प, जोडपत्र ब. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत टाकावं लागतं, म्हणून पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा, फेकू नका. तोवर त्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात ५५ हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या. त्या नेटवर आहेत, मराठीत आहेत, कुणीही उघडून बघावं. मी दोन रात्री बघितल्या. रकमा सगळ्या उघड्या, पण हेच काम का आणि शेजारच्या तालुक्यातलं का नाही हे त्या पानांत शोधून सापडत नाही, ते सभागृहात यायच्या आधीच ठरलेलं असतंय, आणि सभागृहात तर कितीक मागण्या चर्चेविना एका दमात मंजूर होतात. पारदर्शक कारभार म्हणतात तो एवढ्यापुरताच.

सुनावणीला देवगिरीनं मुंबई गाठली. नोटिशीत वेळ अकराची, मला आत घेतलं साडेतीनला. बाहेरच्या बाकड्यावर एक शिपाई मामा भेटले, आमच्या जिंतूरकडचेच निघाले, त्यांनी चहा पाजला, त्या दिवसातली तेवढीच बरी गोष्ट. (जायलाच पाहिजे असं नाही, लेखी म्हणणं पाठवलं तरी चालतं. मला हे नंतर कळलं. मंत्रालयातल्या विभागांना अर्ज ऑनलाइन पण करता येतो हे तर त्याच्याही नंतर.) आतलं काम सात मिनिटांचं. अपिलीय अधिकाऱ्यांनी कलम वाचलं, खालचा भाग परत वाचला, आणि माहिती अधिकाऱ्याला विचारलं, निर्णय झाला का नाही? तो म्हणाला, झाला. मग द्या. बस. एवढ्यासाठी माझा हिवाळा गेला, पण खोटं कशाला बोलू, जिना उतरताना छाती फुगली होती.

अपिलाच्या आदेशात 'विनामूल्य' शब्द तेवढा घालून घ्या. वेळेत न दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, मी येड्यावाणी ४१ पानांचे ८२ रुपये भरून बसलो. आणि तुमचं काम जिल्ह्याच्या किंवा खालच्या हापिसातलं असलं तर अर्जाच्या आधी सोमवारी दुपारी ३ ते ५ मध्ये जाऊन फाइल बघायला मागा, २०१८ चा तसा आदेश आहे. तिथले लोक आधी नाहीच म्हणतील, आदेशाची झेरॉक्स खिशात ठेवा.

४१ पानं मार्चअखेरीस आली. बंधाऱ्याचं नाव आहे, पान १७. पुढं 'निधीच्या उपलब्धतेनुसार', आणि कामं कशी निवडली त्याच्यापुढं 'सोबतच्या यादीप्रमाणे'. सोबतची यादी सोबत नाही. फोन केला तर म्हणे आता आचारसंहिता आहे. आचारसंहितेत माहिती अधिकार बंद असतो असं कुठंही लिहिलेलं नाही, तेही भाच्यानंच बघून सांगितलं. यादीसाठी नवा अर्ज टाकलाय, ह्या खेपेला ऑनलाइन, आज एकोणीसावा दिवस.