एका रुपयाला तीनशे डोंग म्हणजे किती स्वस्त?

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या फडताळात पणजोबांच्या दोन मोडी वह्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. ते रावपुऱ्यातील एका सराफी पेढीवर कारकून होते. या वह्यांत प्रत्येक रकमेपुढे 'बा' किंवा 'क' असे एक अक्षर आहे. वडिलांनी मला लहानपणीच त्याचा उलगडा करून दिला होता: 'बा' म्हणजे बाबाशाही, बडोदे संस्थानाचा स्वतःचा रुपया, आणि 'क' म्हणजे कलदार, इंग्रज सरकारचा. १९०१ साली संस्थानाने बाबाशाही चलन मागे घेऊन इंग्रजी रुपया स्वीकारला. तोपर्यंत मुंबईला किंवा काशीयात्रेला निघालेल्या बडोदेकराला देशाबाहेर न जाताही चलन बदलावे लागे. बाबाशाही रुपयाची किंमत कलदारापेक्षा कमी असे आणि मधला वटाव मोजावा लागे. परंतु यात्रेकरू केवळ वटाव विचारून निघत नसे. धर्मशाळेत काय पडेल, शिधा काय भावाने मिळेल, हेही तो आधी जाऊन आलेल्यांकडून काढून घेई.

२०२४ च्या पावसाळ्यात आम्ही व्हिएतनामचा विचार करू लागलो, तेव्हा माझा भाचा उत्साहाने म्हणाला, "मामी, तिथे आपल्या एका रुपयाला तीनशे डोंग मिळतात. तुम्ही तिथे कोट्यधीश!" दर त्याने बरोबर सांगितला होता, परंतु त्यातून स्वस्ताईचा जो निष्कर्ष काढला तो मला पटला नाही. हीच समजूत माझ्या परिचयातील अनेक शिकल्यासवरलेल्या कुटुंबांतही मी पाहते, आणि तिच्यामुळे सहलीसाठी चुकीचा देश निवडला जातो किंवा योग्य देश भीतीने टाळला जातो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एखाद्या चलनाच्या नोटेवर किती शून्ये आहेत, हा त्या देशातील जुन्या महागाईचा इतिहास असतो. आजच्या भावांविषयी ती शून्ये काहीही सांगत नाहीत. १९८६ साली व्हिएतनाममधील महागाईचा वार्षिक दर सातशे टक्क्यांच्या वर गेला होता, आणि आज तेथे पाच लाखांची नोट सर्रास चालते ती अशा काळामुळे. तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ रोजी आपल्या लिरावरील सहा शून्ये काढून टाकली, म्हणजे कालचे दहा लाख लिरा आज एक लिरा झाले. त्या रात्रीतून कोणी श्रीमंत झाले नाही आणि कोणी गरीबही झाले नाही, कारण पावाची आणि खोलीभाड्याची किंमतही त्याच प्रमाणात लहान झाली. याच्या अगदी उलट उदाहरण भूतानचे आहे. तेथील ङुलत्रुम आणि आपला रुपया यांचे मूल्य सारखेच आहे, आपल्या बहुतेक नोटाही तेथे चालतात, आणि तरीही सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकाला प्रत्येक रात्रीसाठी १२०० रुपये विकास शुल्क भरावे लागते. दोघांनी सहा रात्री राहायचे ठरवले, तर खोली आणि जेवण यांच्या आधीच १४,४०० रुपये खर्ची पडतात.

म्हणून विचारायचा खरा प्रश्न असा, की तेथे एक दिवस काढायला आपल्या रुपयांत किती लागतील. त्याचे उत्तर दर आणि स्थानिक भाव या दोन्हींच्या गुणाकारातून येते. अर्थशास्त्रात याची एक सुंदर उकल आहे, जी १९६४ साली बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी स्वतंत्रपणे मांडली. जहाजातून देशोदेशी जाऊ शकणाऱ्या वस्तूंचे, म्हणजे मोबाइल, कॅमेरा, पेट्रोल यांचे भाव सर्वत्र एकमेकांच्या जवळ येऊ पाहतात. केस कापणे, खोली झाडणे, रिक्षा चालवणे, गरम जेवण वाढणे ही कामे मात्र जहाजात भरून पाठवता येत नाहीत, आणि त्यांची किंमत त्या देशातील मजुरीवर ठरते. स्वित्झर्लंडमध्ये चहाचा पेला महाग असतो, तो चहापत्ती महाग असल्यामुळे नव्हे. तो पेला आणून ठेवणाऱ्या माणसाचा पगार त्या किमतीत असतो. सहलीत आपण बहुतेक खर्च याच दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींवर करतो, म्हणून ज्या देशाची मजुरी आपल्याइतकी किंवा आपल्याहून थोडीच अधिक आहे, तो देश आपल्याला परवडतो, मग त्याच्या चलनाचा आकडा काहीही असो.

नोव्हेंबरात आम्ही चौघे, म्हणजे सासूबाई, यजमान, मुलगी आणि मी, अहमदाबादहून हनोईला गेलो. पणजोबांच्या वह्या मनात असल्यामुळे मीही रोज रात्री दोन रकाने लिहीत असे, एक डोंगांचा आणि एक रुपयांचा. जुन्या हनोईतील साध्या, स्वच्छ हॉटेलात एका खोलीला रात्रीचे नऊ लाख डोंग पडले, म्हणजे तीन हजार रुपये. शहर बसचे तिकीट दहा हजार डोंगांच्या आसपास, म्हणजे तेहतीस रुपये. हालाँगच्या उपसागरातील दिवसभराची बोट मात्र माणशी पन्नास डॉलरांना पडली, सुमारे ४२०० रुपयांना. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. पर्यटकांसाठीच असलेल्या अनेक गोष्टींचा भाव डॉलरांत किंवा युरोंत बांधलेला असतो, आणि स्थानिक चलन कितीही घसरले तरी त्या स्वस्त होत नाहीत. कंबोडियातील अंकोरचे एका दिवसाचे तिकीट २०१७ साली वीस डॉलरांवरून सदतीस डॉलरांवर गेले. इस्तंबूलच्या हागिया सोफियात २०२४ पासून परदेशी पाहुण्याला पंचवीस युरो द्यावे लागतात.

जेवणाबाबत मला अधिक सांगायचे आहे, कारण आपल्याकडील कुटुंबांचा हिशेब बहुतेक वेळा येथेच बिघडतो. आम्ही शाकाहारी आहोत. पहिल्या रात्री प्रवासाने थकून आम्ही एका भारतीय उपाहारगृहात गेलो. तेथे थाळीला अडीच लाख डोंग, म्हणजे आठशे तीस रुपये पडले. त्यात त्यांची लूट नव्हती; डाळ, हिंग, मसाले, पापड हे सारे भारतातून येते आणि स्वयंपाकीही भारतातूनच नेलेला असतो, म्हणून त्या थाळीचा भाव व्हिएतनामचा उरत नाही. दुसऱ्या दिवशी हॉटेलातील मुलीने आम्हाला 'कॉम चाय'ची एक लहान खानावळ दाखवली. बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे अशी शाकाहारी भाताची घरगुती ठिकाणे तेथे गल्लोगल्ली सापडतात. भात, टोफू, परतलेली पालेभाजी, मशरूम आणि पातळ सार असे ताट पंचेचाळीस हजार डोंगांना, दीडशे रुपयांना मिळाले. सासूबाईंना आधी शंका होती. त्यांनी माशाचे पाणी घातलेले नाही ना, हे मुलीकडून फोनवरील भाषांतराने दोनदा विचारून घेतले आणि मग पुढचे पाचही दिवस दुपारी तेथेच जेवल्या. आपल्या गुजरातेतून निघणाऱ्या सहलींत महाराज म्हणजे स्वयंपाकी बरोबर नेऊन रोज फुलके आणि भाजी देण्याची पद्धत आहे. वयस्कर माणसांना तिचा मोठा आधार वाटतो आणि तिला मी नावे ठेवणार नाही. परंतु अशा सहलीत जेवणाच्या स्थानिक भावाचा लाभ आपण सोडून दिलेला असतो, हे पैसे भरतानाच कळलेले बरे.

एकूण खर्चात विमानाच्या तिकिटांचा वाटा जवळजवळ दोन पंचमांश निघाला. विमानाचे भाडेकरार आणि बरेचसे इंधन डॉलरांतच मोजले जाते, त्यामुळे जाणार त्या देशाच्या स्वस्ताईशी तिकिटाचा फारसा संबंध नसतो. म्हणून स्वस्त देशात तीन-चार दिवसांसाठी जाणे मला हिशेबाच्या दृष्टीने चूक वाटते. तेथे दहा दिवस राहिले तरच तिकिटाचा बोजा प्रत्येक दिवसावर हलका होत जातो.

आता ज्या देशाला आपण डोळे झाकून महाग म्हणतो, त्या जपानकडे पाहावे. २०१२ साली शंभर येनांना आपले सुमारे ६८ रुपये पडत. जुलै २०२४ मध्ये डॉलरला १६१ येनांपर्यंत घसरण झाली, तेव्हा तेच शंभर येन ५२ रुपयांना मिळू लागले. या बारा वर्षांत आपल्याकडील ग्राहक किंमत निर्देशांक जवळजवळ दुप्पट झाला, त्याबरोबर अनेकांचे पगारही वाढले, तर जपानमधील भाव त्यातील बहुतेक काळ जवळपास जागच्या जागी राहिले. रामेनच्या, म्हणजे रश्शातील नूडल्सच्या, वाडग्याचा भाव हजार येनांच्या पुढे नेला तर गिऱ्हाईक तुटेल, या भीतीला तेथील दुकानदार 'हजार येनांची भिंत' म्हणतात. बडोद्यातील बऱ्या हॉटेलात चौघांचे जेवण आज काय पडते हे आठवले, म्हणजे पाचशे-साडेपाचशे रुपयांचा तो वाडगा पूर्वीइतका दूरचा वाटत नाही. अर्थात सर्वच गोष्टी थांबलेल्या नाहीत: परदेशी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. ज्यांना दोन-तीन शहरेच पाहायची आहेत, त्यांना आता सुटी तिकिटे काढणेच परवडेल.

याउलट चलन कोसळले म्हणजे सहल स्वस्त झाली, हे अनुमानही सावधपणे करावे. सप्टेंबर २०२१ मध्ये एका लिराला आपले साडेआठ रुपये मोजावे लागत. पुढील चार वर्षांत तो दर अडीच रुपयांच्याही खाली आला. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये तुर्कस्तानातील महागाई ८५ टक्क्यांवर होती, आणि इस्तंबूलमधील जेवणाच्या यादीतील आकडे चलनाच्या मागोमाग धावत होते. श्रीलंकेत २०२२ च्या वसंतात डॉलर दोनशे श्रीलंकी रुपयांवरून साडेतीनशेच्या पुढे गेला आणि त्याच सप्टेंबरात कोलंबोतील महागाई सत्तर टक्क्यांच्या जवळ पोहोचली. दर आधी पडतो आणि भाव काही महिन्यांनी चढतात. मधल्या अवधीत परदेशी पाहुण्याला सर्व स्वस्त वाटते खरे, पण त्याच अवधीत तेथील माणसे पेट्रोलच्या रांगेत रात्रभर उभी होती. अशा वेळी जाऊ नये असे मी म्हणत नाही, कारण पर्यटकाचे डॉलर त्यांना हवेच असतात. तेथे जाऊन रिक्षावाल्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करू नये, एवढे मात्र मला मनापासून वाटते.

आपल्या रुपयाची बाजूही यात आहेच. २०१३ साली माझ्या दिरांनी दोघांसाठी युरोपची सहल ठरवली. पैसे दोन भागांत होते: एक रुपयांत, आणि दुसरा चार हजार डॉलरांचा, जो निघण्यापूर्वीच्या दराने द्यायचा होता. मे महिन्यात डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, आणि २८ ऑगस्टला तो ६८ च्या पुढे गेला. ज्या प्रवास कंपनीकडे त्यांनी नाव नोंदवले होते तिने ही अट छापील कागदावर दिली होती, पण तोंडी कधी समजावून सांगितली नव्हती. दोन लाख वीस हजारांच्या जागी त्यांना दोन लाख बहात्तर हजार भरावे लागले. तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली आहे. सहल ठरल्यावर लागणाऱ्या परकीय चलनाचा निम्मा भाग लगेच फॉरेक्स कार्डावर भरून दर बांधून घ्यायचा आणि उरलेला दर महिन्याला थोडा थोडा घ्यायचा. दर खाली येईल या आशेने थांबण्याची किंमत आम्ही पाहिली आहे, आणि २०२५ च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडल्यावर तर ती आशा धरून बसणाऱ्यांची मला काळजी वाटते.

वटाव आजही आहे, फक्त तो वहीत वेगळा लिहिलेला दिसत नाही. साधे कार्ड परदेशात वापरले की बँक दोन ते साडेतीन टक्के जास्त लावते आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. हनोईतील हॉटेलचे बहात्तर लाख डोंगांचे बिल देताना यंत्राने विचारले, की रक्कम डोंगांत घ्यायची की रुपयांत. पडद्यावर रुपयांतील आकडा २५,४०० असा होता, तर दिवसाच्या दराने तो २४,००० होत होता. मी डोंग निवडले, आणि बँकेचा आकार धरूनही खात्यातून २४,५७० रुपयांच्या आसपासच गेले. आपल्या चलनातील आकडा पाहून मनाला धीर येतो, म्हणून अनेकजण रुपयांचे बटण दाबतात. ते कधीही दाबू नये. रोख घेताना पाच लाखांची आणि वीस हजारांची, दोन्ही नोटा निळ्या असतात, हेही सासूबाईंनीच पहिल्या दिवशी माझ्या ध्यानात आणून दिले.

पुढील शरद ऋतूत जपानला जावे असा यजमानांचा विचार आहे. भाच्याने या वेळी येनचा दर कळवला नाही; क्योटोतील साध्या खोलीचे भाडे, बसचा दिवसाचा पास आणि मंदिरांजवळच्या शाकाहारी ताटाची किंमत अशी तीन आकड्यांची चिठ्ठी त्याने मला पाठवली आहे. ती मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली आहे, आणि तिच्या शेजारचा रुपयांचा रकाना दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भरते आहे.