अमेरिकेत घराचं काम काढताय? परमिट कधी लागतं, ते आधी बघा

अमेरिकेत बहुतेक राज्यांनी घरांसाठी ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ ही बांधकामाची नियमावली स्वीकारलीय. शहर किंवा काउंटी त्यात आपापले बदल करते, म्हणून खालचे आकडे मूळ कोडचे समजा आणि आपल्या गावाचे नियम वेगळे तपासा.

रंग, फरशी, कार्पेट, स्वयंपाकघरातली कपाटं यांना परमिट लागत नाही. पण सिंक दुसऱ्या भिंतीला न्यायचं ठरवलं, म्हणजे पाइप हलले, की लागतं. वॉटर हीटर काढून तसाच नवा बसवला तरी बहुतेक ठिकाणी लागतं, आणि हे पुष्कळांना माहीतच नसतं. गॅसची जोडणी किंवा धुराची नळी चुकली तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो, म्हणून तपासणी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डेकचा, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याचा. क्षेत्रफळ २०० चौरस फुटांच्या आत, उंची जमिनीपासून ३० इंचांच्या आत, घराला जोडलेला नाही आणि घराच्या मुख्य दारातून बाहेर पडायची वाट त्यावरून जात नाही: या चारही अटी एकदम पाळल्या तरच परमिटमधून सूट. उंची दाराजवळ मोजून चालत नाही. अंगणाला उतार असेल तर दाराशी १४ इंच असलेला डेक पलीकडच्या टोकाला ३४ इंच भरतो, आणि तिथेच सूट संपते. घराला जोडलेल्या डेकबाबत कोड कडक आहे ते लेजर बोर्डमुळे, म्हणजे भिंतीला ठोकलेल्या आडव्या फळीमुळे. ती नुसत्या खिळ्यांवर असेल तर माणसांच्या भाराने उपटते. तिला अर्धा इंची बोल्ट किंवा लॅग स्क्रू (लाकडात जाणारे जाड स्क्रू) लागतात. वरून फ्लॅशिंगचा, म्हणजे पाणी अडवणारा, पत्रा नसेल तर फळीमागे पाणी मुरून घराचंच लाकूड कुजतं.

उतारावरची माती अडवणारी भिंत परमिटशिवाय ४ फुटांपर्यंत चालते, पण माप पायाच्या तळापासून धरतात. वर साडेतीन फूट दिसणारी भिंत एक फूट जमिनीत असेल तर ती मर्यादेबाहेर गेली.

बेसमेंटमध्ये बेडरूम करताना खिडकी नीट मोजा. उघडल्यावर रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, आणि खिडकीचा खालचा काठ खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. २० बाय २४ ची खिडकी जेमतेम ३.३ चौरस फूट भरते! रुंदी २० ठेवली तर उंची ४१ इंचांहून किंचित जास्त हवी. आगीत माणूस तिथूनच बाहेर पडणार असतो.

अर्ज परत येतो तो बहुधा साइट प्लॅनमुळे, म्हणजे जागेच्या आराखड्यामुळे. घर घेताना मिळालेला सर्व्हे नकाशा काढा, त्यावर नवं बांधकाम मापात दाखवा, हद्दीपासूनची अंतरं आकड्यांत लिहा, ईझमेंटची पट्टी (आपल्या जागेतला, दुसऱ्याला वापराचा हक्क असलेला भाग) आखा. डेक असेल तर फूटिंगची (खांबाखालच्या काँक्रीटच्या पायाची) खोली आणि व्यास, जॉइस्टचा (फळ्यांखालच्या आडव्या तुळईचा) आकार, दोन जॉइस्टमधलं अंतर हेही द्या. थंड प्रदेशात फूटिंग जमीन गोठते त्या पातळीखाली न्यावं लागतं, नाहीतर हिवाळ्यात खांब वर उचलले जातात. एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, मंजुरी ही वेगळी गोष्ट. तिने परमिटचं काम भागत नाही. खणण्याआधी काही दिवस ८११ या नंबरला फोन करा. जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनींवर ते फुकट खुणा करून देतात.

कंत्राटदार “परमिट तुम्ही तुमच्या नावावर काढा” म्हणाला तर आधी त्याचं लायसन्स बघा. परमिट ज्याच्या नावावर, कामाची जबाबदारी त्याच्यावर.

परमिट मिळाल्यावर १८० दिवसांत काम सुरू झालं नाही, किंवा मध्येच तेवढे दिवस बंद पडलं, तर ते बाद होतं. फूटिंगचे खड्डे काँक्रीट ओतण्याआधी, वायरी आणि पाइप ड्रायवॉल (भिंतीचे जिप्सम बोर्ड) लावण्याआधी इन्स्पेक्टरला दाखवा. झाकलेलं काम उघडायला सांगायचा त्याला अधिकार आहे. शेवटची तपासणी राहिली तर परमिट उघडंच राहतं, आणि घर विकायच्या वेळी खरेदीदाराचा वकील किंवा एजंट नेमकं तेच शोधून काढतो.