फरकाच्या शीटमधला शेवटचा कॉलम

मी चाकणला एका कंपनीत टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-पगाराच्या कामाला आहे. ही २०२३ ची गोष्ट, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

पगारवाढीचा करार १४ महिने लटकला होता, शेवटी समेट अधिकाऱ्यासमोर सह्या झाल्या. बाहेरच्यांना वाटतं पेढे वाटले की संपलं. नाही हो, मग लटकलेल्या महिन्यांचा जुन्या-नव्या पगारातला फरक काढायचा असतो. १८७ कामगार, प्रत्येकाचे १४ महिने, बिनपगारी रजा वजा करायच्या, ओव्हरटाइम नव्या रेटने परत डबल काढायचा, त्यात पीएफ कशावर कापायचा आणि कशावर नाही. तीन रात्री बसलो, एक रुपया इकडचा तिकडे नाही. साहेबांनी फक्त "झालं का?" विचारलं, असो.

चौथ्या दिवशी युनियनची कमिटी आली. गेट मीटिंगला हात वर करून ठराव झालाय, प्रत्येकाच्या फरकातून ५ टक्के युनियन फंडाला, सभासद असो नसो, एक कॉलम वाढवा. म्हटलं युनियनची कपात लेखी संमतीशिवाय करता येत नाही. संध्याकाळपर्यंत १८६ सह्या आणल्या त्यांनी.

राहिले टूलरूमचे काका. त्यांनी कधी युनियनच्या वर्गणीची पावतीच फाडली नव्हती. वडील परळला गिरणीत, १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. काका म्हणाले, "तिथं मान्यता एका युनियनला आणि माणसं सगळी संप करणाऱ्या डॉक्टर सामंतांच्या मागं. तेव्हा मेजॉरिटी कुणी मोजली नाही, आता मला शिकवतात."

युनियनचा सेक्रेटरी भडकला. "करार सगळ्यांना लागू, वाढ घेताना ह्यांना चालते? लेबर ऑफिसच्या पायऱ्या मी झिजवल्या, रजा माझ्या गेल्या." खोटं काय त्यात? काहीच नाही. पण युनियनमध्ये यायला जबरदस्ती करणं ही अनुचित प्रथा, हे राज्याच्या १९७१ च्या कायद्यातच होतं, आणि त्याच कायद्याने तेव्हा ३० टक्के सभासदांवर युनियनला मान्यता मिळायची, म्हणजे मेजॉरिटीसुद्धा लागत नव्हती. एरवी युनियनचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणारे आमचे साहेब मात्र म्हणाले, "ठराव आहे ना, कापून टाक, एकट्यासाठी कशाला वाद."

मी काकांच्या नावापुढे शून्य टाकलं.

कँटीनला काकांच्या टेबलावर कुणी बसेना. कुणी काही बोललं नाही, नुसतं ताट उचलून पलीकडे जायचे. मी पण एकदा गेलो, खरं सांगतो.

तीन आठवड्यांनी काका पाकीट घेऊन आले, मोजून ३,८४० रुपये, माझ्याच शीटप्रमाणे. "सेक्रेटरीला दे, त्यानं मेहनत केलीय. पण पावतीवर देणगी लिही म्हणावं, वर्गणी नको." सेक्रेटरी म्हणाला देणगी नको, सभासद हो म्हणावं. काकांकडे परत गेलो तर म्हणाले मी दिलं, माझा विषय संपला.

काका मागच्या वर्षी रिटायर झाले. पाकीट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि ते कुठल्या खात्यात दाखवायचं ते मला कळत नाही.