रेषेबाहेर गेलेला शेंदूर

नौपाड्यात आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. त्यामुळे कुठलंही छापील चित्र हातात आलं की मी आधी रंग जुळलेत का ते बघते, चित्र मग. हिशिकावा मोरोनोबू या जपानी चित्रकारापुढे ही सवय निकामी ठरली. १६८०च्या सुमाराची त्याची ही चित्रं लाकडी ठशांवरून छापलेली, नुसत्या काळ्या शाईत. जुळवायचं काय?

चित्रांतली गोष्ट आहे शुतेन-दोजीची. ओए डोंगरातला हा दारुडा राक्षस क्योतोच्या मुली पळवतो. राइको नावाचा सरदार आणि त्याचे साथीदार डोंगरात हिंडणाऱ्या तपस्व्यांचा वेष घेऊन त्याच्याकडे पाहुणे म्हणून जातात, गुंगीची दारू पाजतात आणि झोपेत त्याचं मुंडकं उडवतात. ते मुंडकं उडून राइकोच्या शिरस्त्राणाला कडकडून चावतं! आपल्याकडे कृष्ण, भीम, अर्जुन जरासंधाकडे ब्राह्मण बनून गेले होते, पण भीम निदान समोरासमोर लढला. मरता मरता शुतेन-दोजीही ऐकवतोच, की असलं कपट आम्ही राक्षस करत नाही. मी त्याच्या बाजूची आहे.

त्या काळच्या काही प्रतींवर नंतर ब्रशने रंग भरलेले असत. त्यातला ठळक नारिंगी म्हणजे शिशापासून केलेला ‘तान’, आपला मारुतीला लावायचा जुना शेंदूर तोच. हात भराभर चाललेला, त्यामुळे रंग खुशाल रेषेबाहेर. आमच्या मशीनवरच्या काकांना मोबाइलवर एक प्रत दाखवली, तर म्हणाले, “ताई, हे गिऱ्हाईकाने तोंडावर मारलं असतं.”

मग मी त्यांना सुझुकी हारुनोबू या चित्रकाराची १७६५नंतरची चित्रं दाखवली. एकेका रंगाला वेगळा ठसा, आणि प्रत्येक ठशावर कागद टेकवायला दोन खाचा: कोपऱ्यात काटकोनी, कडेला सरळ. यंत्र नाहीच, कागद पाठीमागून हाताने घासायचा. एवढ्यावर सगळे रंग जागच्या जागी. काका खूश.

मला मात्र राक्षसाच्या गोष्टीला काळी शाईच हवी. हारुनोबूचे रंग इतके देखणे, की नजर किमोनोच्या नक्षीत रमते आणि गोष्ट राहते बाजूला. मोरोनोबूकडे रमायला दुसरं काही नाही. भुवई, मूठ, तलवार, सगळं एकट्या रेषेनं सांगायचं, आणि ती चेरीच्या फळीत कोरणाऱ्यानं जिवंत ठेवायची.

काकांचं मत अजून बदललेलं नाही. त्या दोन खाचा नेमक्या किती खोल असतील, एवढंच ते विचारत असतात.