अशोक चौकातले माग, फताटेवाडीची चिमणी आणि सॅम्युअल इन्सल

सोलापूर स्टेशनवरून अशोक चौकाकडे वळलं की कारखाना दिसायच्या आधी मागांचा खडखडाट कानावर येतो. चादरी-टॉवेलांच्या या पूर्व भागात मी मुद्दाम आलो, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकागोत वीज कंपनी चालवणाऱ्या सॅम्युअल इन्सलचं विजेच्या दराचं गणित इथे कुठल्याही शेडमध्ये मांडता येतं.

समजा २४ यंत्रमाग, प्रत्येकी १ अश्वशक्तीची मोटर. मागणी, म्हणजे एका वेळी लागणारी वीज, साधारण १८ किलोवॅट. चोवीस तास चालले तर दिवसाला ४३२ युनिट, १२ तासांच्या एकाच पाळीत २१६. म्हणजे भारांक, पूर्ण वेळ चालल्यास लागली असती त्या विजेपैकी प्रत्यक्ष वापरलेला हिस्सा, ५० टक्के. तारा आणि रोहित्र मात्र पूर्ण १८ किलोवॅटसाठीच लागतात, माग अर्धा दिवस बंद असले तरी. म्हणून बिलात मागणीचे पैसे वेगळे, युनिटचे वेगळे. कमाल मागणी टिपणारा मीटर इन्सलने १८९४ मध्ये इंग्लंडात ब्रायटनला पाहिला आणि तो धागा पकडला. संध्याकाळच्या दिव्यांना दिवसाच्या कारखान्यांची आणि ट्रामची जोड दिली, दर उतरवले, गिऱ्हाईक वाढवलं. १८८१ मध्ये एडिसनचा सेक्रेटरी म्हणून अमेरिकेत आलेल्या माणसाची ही खरी कमाई.

होटगीच्या पुढे फताटेवाडीला एनटीपीसीच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी लांबूनच दिसते. पाणी उजनीचं, ६६० मेगावॅटचे दोन संच. इन्सलने १९०३ मध्ये फिस्क स्ट्रीटला बसवलेलं टर्बाइन ५ मेगावॅटचं होतं; इथल्या एका संचात तशी १३२ मावतील. तेव्हा मात्र तेवढं यंत्र बसवायला छाती लागली होती.

इन्सल बुडाला तो यंत्रामुळे नाही, कंपनीवर कंपनी चढवल्यामुळे. हिशोब सोपा करून सांगतो. तळाच्या कंपनीची मालमत्ता ६४ लाख, त्यात निम्मं कर्ज. उरलेल्या ३२ लाखांच्या शेअर्सपैकी निम्मे, म्हणजे १६ लाखांचे, हातात असले की ताबा आला. ते घेणाऱ्या वरच्या कंपनीतही निम्मं कर्ज. तिचा ताबा ४ लाखांत. आणखी एक मजला चढवा, १ लाखात सगळं आपलं. पण तळाचे शेअर निम्म्यावर आले, तर मधल्या कंपनीच्या १६ लाखांचे ८ होतात, आणि कर्जही नेमकं ८. तिचे शेअर शून्य, मग वरची तर गेलीच. १९२९ नंतर भाव कोसळत गेले. शेअर तारण ठेवलेले, म्हणून न्यूयॉर्कच्या बँका आणखी तारण मागत राहिल्या. एप्रिल १९३२ मध्ये डोलारा पडला, हजारो लहान गुंतवणूकदारांची पुंजी गेली. इन्सल ग्रीसला निघून गेला, पुढे तुर्कस्तानातून परत आणला गेला. १९३४ च्या खटल्यात ज्युरीने निर्दोष सोडलं. मला वाटतं, वीज स्वस्त करणारा इन्सल आणि कागद वाढवणारा इन्सल वेगळे तोलावेत. १९३८ मध्ये तो पॅरिसच्या मेट्रो स्टेशनात कोसळून गेला. त्याआधी, १९३५ मध्येच, अमेरिकी कायद्याने वीज कंपनीच्या डोक्यावर दोनपेक्षा जास्त मजले चढवायला बंदी घातली होती.